काटा उठतोय का, ते आधी बघा

२६ जानेवारी जवळ आला की आमच्या तालुक्याच्या गावात दोन-तीन जुन्या मिलिटरी जीप बाहेर निघतात. कोरा हिरवा रंग, बॉनेटवर पांढरा तारा, मागे लटकवलेला कॅन. पोरं सेल्फी काढतात. हौसेला मोल नसतं, कौतुकच आहे. पण रंग बघून लगेच ‘जीप जिवंत केली’ म्हणू नका. इंजिन सुरू करायला सांगा आणि ऑइल प्रेशरचा काटा बघा.

दुसऱ्या महायुद्धात, १९४१ ते १९४५ या काळात, विलीज आणि फोर्ड मिळून सहा लाखांहून जास्त जीप बनल्या. पुढे महिंद्रांनी मुंबईत विलीज जीपची जुळणी सुरू केली, म्हणून आपल्याकडे ही गाडी घरची वाटते. युद्धातल्या जीपच्या डॅशबोर्डवर वेग, पेट्रोल, अँपिअर, तापमान आणि ऑइल असे पाचच मीटर. त्यातला ऑइलचा मीटर विजेवर चालत नाही. इंजिनातून बारीक नळीने ऑइल थेट मीटरपर्यंत येतं. आत वाकडी, चपटी नळी असते. दाब आला की ती सरळ व्हायला बघते आणि काटा फिरतो. बूर्दों नावाच्या फ्रेंच माणसाची ही युक्ती, १८४९ची. बॅटरी मेली तरी हा काटा खरं बोलतो.

आणि ते ऐकायला हवं. क्रँकशाफ्ट आणि बेअरिंग यांच्यामध्ये ऑइलचा पातळ थर असतो, तो दाबावर टिकतो. बेअरिंग झिजलं की फट वाढते, ऑइल निसटतं, काटा खाली येतो. हल्लीच्या गाड्यांत नुसता लाल दिवा असतो. तो लागतो तेव्हा बहुतेक वेळा उशीर झालेला असतो. काटा मात्र महिनोन् महिने आधी सांगत असतो, की बाबा, मी घसरतोय.

गेल्या वर्षी मिरवणुकीच्या दोन दिवस आधी एका जीपचा काटा शून्यावर दिसला. मालकांना विचारलं. म्हणाले, ‘‘नळी गळत होती, चेपून टाकली. शोची गाडी आहे हो, कुठं लांब जायचंय?’’ त्याच जीपमध्ये एक वीरमाता आणि शाळेची आठ पोरं बसणार होती.

आमच्याकडे सैन्यातून निवृत्त झालेले एक मेकॅनिक काका आहेत. त्यांनी नवी नळी टाकली, इंजिन गरम होऊ दिलं. काटा पाचाच्या वर जाईना. काका म्हणाले, ‘‘गरम इंजिनाला उभ्या गाडीत निदान दहा तरी पाहिजे. ही गाडी जाणार नाही.’’ मिरवणूक जीपशिवाय निघाली. काकांवर बरेच जण चिडले, ‘ऐन वेळी खोडा घातला’ म्हणून. नंतर खालचं चेंबर उघडलं, तर बेअरिंगचा पत्रा पार खरवडलेला.

मिरवणुकीची चाल सोपी असते, हा आपला गैरसमज. तासभर गाडी मुंगीच्या पावलांनी चालते. इंजिन तापतं, ऑइल पातळ होतं, पंप हळू फिरतो. दाब सगळ्यात कमी तेव्हाच असतो. उतारावर, गर्दीत इंजिन जाम झालं तर?

अहिल्यानगरच्या रणगाडा संग्रहालयातले रणगाडे जागेवर उभे आहेत, ते बघण्यासाठी. माणसं बसवून रस्त्यावर आणलेल्या गाडीचा हिशोब वेगळा. २०२१च्या नियमांनी ५० वर्षांवरच्या गाड्यांना ‘व्हीए’ मालिकेची व्हिंटेज नोंदणी मिळते, चांगलंच झालं. पण नंबर प्लेट बदलली म्हणून इंजिनात दाब येत नाही.

उत्सव समित्यांना एकच विनंती. हार घालण्याआधी इंजिन अर्धा तास चालू ठेवा आणि मीटरजवळ एक जाणता माणूस उभा करा. तो ‘नको’ म्हणाला, तर त्याच्यावर चिडू नका. सैनिकांचा मान ठेवायचा तर त्यांची गाडी त्यांच्यासारखीच सांभाळू या. ते आधी काटा बघायचे, मग गिअर टाकायचे.

तुमच्या गावातल्या जीपचा काटा कुठं आहे? बघून सांगा.