गळतं नेमकं कुठून?

जानेवारीत आठवडाभर वर्क फ्रॉम होम घेऊन औरंगपुऱ्यातल्या घरी आलो. पहिल्याच सकाळी बाथरूममध्ये गिझरखाली तारेने टांगलेला निळा मग दिसला. त्यात थेंब पडत होते.

"कधीपासून गळतोय?"

"दिवाळीपासून," आई म्हणाली.

"गळत नाही, टिपकतंय," बाबा पेपरातून डोकं वर न काढता म्हणाले.

मी रोज रात्री पुण्याहून फोन करतो. रोज "सगळं ठीक" असंच ऐकतो. या मगाबद्दल एक शब्द नाही.

मग फेकून दिला जात नव्हता, दिवसातून तीनदा ड्रममध्ये रिकामा होत होता. ते बरोबरच होतं. मलिक अंबरने सतराव्या शतकात नहर बांधून या शहरात पाणी खेळवलं. आज 50 किलोमीटरवर जायकवाडीसारखं धरण आहे, पण आमच्या नळाला पाणी कधी आठवड्याने, कधी त्याहून उशिरा. मधले दिवस बोअर आणि टँकरवर. ते पाणी इतकं जड की बादलीच्या कडेला पांढरी रेघ उमटते. गिझरच्या आत काय उमटत असेल, याचा विचार मी कधी केला नव्हता.

माझं काम कोडमधले बग शोधायचं. तीच पद्धत इथे वापरली. एका वेळी एकच गोष्ट बदलायची. आधी गिझर बंद केला. पाणी फक्त तापताना गळत असेल तर काळजी नाही. तापलं की पाणी फुगतं आणि जादाचं सेफ्टी व्हॉल्व्हमधून बाहेर येतं. पण पूर्ण गार झाल्यावरही थेंब चालूच. टिश्यूने सगळं कोरडं केलं, मोबाइलचा टॉर्च लावला आणि वाट पाहिली. व्हॉल्व्ह कोरडा. पाणी खालच्या प्लास्टिकच्या झाकणाच्या फटीतून येत होतं. त्या झाकणाच्या आत थर्मोस्टॅट आणि वायरी असतात.

"आई, नळाला हात लावल्यावर कधी काही जाणवतं?"

ती थोडी थांबली. "बोटांना मुंग्या येतात कधी कधी. मला वाटलं थंडीने."

"बाबांना सांगितलंस?"

"सांगितलं असतं तर ते स्टूलवर चढून उघडत बसले असते."

मी एमसीबी पाडला आणि आधी इलेक्ट्रिशियनला बोलावलं. जुन्या वाड्याची वायरिंग, अर्थिंगची तार मध्येच तुटलेली. त्याने ती नव्याने ओढली आणि 30 मिलिअँपिअरचा आरसीसीबी बसवला. म्हणजे एवढासा करंट भलतीकडे गेला तरी लाइन क्षणात तुटते. हे काम मी स्वतः करायला गेलो नाही. माझी डिग्री कॉम्प्युटरची आहे.

गिझर मात्र मीच उघडला. इनलेटचा कॉक क्षाराने जाम झालेला, म्हणून गच्चीवरच्या टाकीचा व्हॉल्व्ह बंद केला. आतलं 25 लिटर पाणी दोन बादल्यांत काढलं. नट सोडवून तळाची प्लेट उतरवली तर एलिमेंटवर भाकरीच्या पापुद्र्यासारखे क्षाराचे थर. शेजारी मॅग्नेशियमचा अ‍ॅनोड असतो; टाकीच्या पत्र्याआधी त्याने गंजायचं, एवढंच त्याचं काम. त्याची मधली तार तेवढी उरली होती. रबरी गॅस्केट दगडासारखं कडक. गळती तिथूनच होती. टाकी सुदैवाने शाबूत होती.

पाना शोधायला बाबांची पेटी उघडली होती. आता पॉलिश पेपरसाठी पुन्हा उघडली, तर तळाशी एक बंद पाकीट. त्यात नवं गॅस्केट, नवा अ‍ॅनोड आणि गुलमंडीतल्या दुकानाचं बिल. तारीख नोव्हेंबरची.

मी पाकीट घेऊन बाहेर आलो. बाबांनी पाहिलं. पेपराची घडी घातली.

"पाना धरवत नाही रे," ते म्हणाले. "उजवा हात थरथरतो. नट निघाला असता, परत बसला नसता. मग पाण्याचं काय?"

या माणसाने आमच्या घरात कधी प्लंबर येऊ दिला नाही. माझी पहिली सायकलसुद्धा त्यांनीच जोडली होती.

मी म्हणालो, "टॉर्च धरता का?"

ते आले. मी एलिमेंट घासून घेतलं, गॅस्केट बसवलं आणि नट ओळीने आवळायला लागलो. "तसं नाही. समोरासमोरचे आवळ, थोडे थोडे. नाहीतर एका बाजूने दबतं," बाबा म्हणाले. हे मला माहीत नव्हतं. टॉर्चचा उजेड प्लेटवर सारखा हलत होता. आम्ही दोघंही त्याबद्दल बोललो नाही. काम झाल्यावर मी डॉक्टरांचा विषय काढला. सोमवारची वेळ घे म्हणाले.

टाकी पूर्ण भरून नळातून पाणी आल्यावरच बटण दाबलं. झाकणाखालचा टिश्यू रात्रीपर्यंत कोरडा होता. सेफ्टी व्हॉल्व्हमधून मात्र तापताना थेंब आले.

"हे बघ, टिपकतंय," बाबा म्हणाले.

"हे बरोबर आहे, बाबा. 25 लिटर पाणी 20 अंशांवरून 60 वर गेलं की 400 मिलिलिटरच्या आसपास वाढतं. ते कुठेतरी बाहेर पडायला हवं."

"म्हणजे हे चालायचं?"

"हे चालायचं. आतून गळलं की सांगायचं."

त्यांनी मान हलवली आणि मग सरकवून व्हॉल्व्हच्या खाली टांगला.