तांदूळ नसलेलं बारसं

आपल्याकडे लग्नात मुलीचं नाव बदलायचे. ताटात तांदूळ पसरून नवरा अंगठीच्या टोकाने नवं नाव काढायचा. कुणाला ते रुचायचं, कुणी मनातल्या मनात जुनंच जपायची. पण निदान तांदूळ तरी असायचे.

नीव, तुझ्या वाट्याला तेही आले नाहीत.

क्रिस्टिना बेकर क्लाइन यांच्या 'ऑर्फन ट्रेन' (२०१३) या कादंबरीतली तू. आयर्लंडच्या किन्व्हाऱ्याची, तांबड्या केसांची. गळ्यात आजीने दिलेला क्रॉस, त्यावर बदाम धरलेले दोन इवले हात. न्यू यॉर्कच्या चाळीतल्या आगीत घर गेलं आणि नवव्या वर्षी तुला मिनेसोटाच्या गाडीत बसवलं. कडेवर दुसऱ्याचंच लहानगं. ते उचललं गेलं लगेच. तू मागे राहिलीस.

शिवणकामाला हात हवे होते म्हणून ज्या घरी नेलं, तिथल्या बाईंनी तुला डोरोथी केलं. 'नीव' त्यांना फार परकं वाटलं. पुढे नीलसन नवरा-बायकोने मायेनं घरात घेतलं आणि आपल्या वारलेल्या लेकीचं नाव तुला दिलं, व्हिव्हियन. मला हे दुसरं बारसंच जास्त छळतं. तुसडेपणावर चिडता तरी येतं. मायेनं पुसलेल्या नावाचा राग कुणावर धरायचा?

तू कल्पनेतली. गाडी खरी. १८५४पासून दोन लाखांवर मुलं पूर्वेकडच्या शहरांतून अशी पश्चिमेकडे गेली. गावच्या नाटकगृहात त्यांना मंचावर उभं करत. लोक दंड चाचपत, दात बघत. बैलबाजारच म्हणायचा. काहींना चांगली घरं मिळाली, हेही खरं. आणि सगळी काही अनाथ नव्हती. कित्येकांचे आईबाप जिवंत होते, घरात फक्त पोसायची ऐपत नव्हती.

एक्याण्णवाव्या वर्षी तू माळ्यावरच्या पेट्या उघडतेस. मदतीला मॉली, तीही घरोघर फिरवली गेलेली पोर. आवरायला बसता दोघी आणि टाकून द्यावं असं काहीच निघत नाही. प्रत्येक वस्तू हातात घेऊन तू कुणाचं तरी नाव सांगतेस. तो क्रॉस तर तू कधी सोडलाच नाहीस.

त्या गाड्या १९२९ साली बंद झाल्या. नीव गाडीत बसली तेही त्याच साली.