शॅलचं देणं

‘शॅल’ला मराठीत एक असा प्रतिशब्द नाही, हे मान्य करण्यात माझी उमेदीची वर्षं गेली. मान्य केलं आणि लगेच मला त्याचाच अभिमान वाटू लागला. कायद्यांचं भाषांतर करणाऱ्यांची आमची जमात लहान आहे. तिच्यात कोणी ‘नॉटविथस्टँडिंग’वर मिशी पिळतो, कोणी चार मजली परंतुक एका वाक्यात बसवून दाखवतो. माझं दुकान शॅलचं. नियमावली असो, उपविधी असोत की भाडेकरार, कुठल्या कलमात शॅलचं काय करायचं यावर अडलेली माणसं मला फोन करत, आणि मी उत्तर ठाऊक असूनही ‘जरा पाहून सांगतो’ म्हणत असे. तेवढं भाव खाणं चालायचं.

अडचण कुठे आहे ती सांगतो. माहितीच्या अधिकाराच्या कायद्यात, कलम ७ मध्ये, अधिकाऱ्याने तीस दिवसांच्या आत एकतर माहिती द्यायची किंवा अर्ज फेटाळायचा, असं शॅल घालून सांगितलं आहे. सरळ मराठी केलं तर ‘अधिकारी माहिती देईल’. वाक्य निर्दोष आहे, पण वाचताना साप्ताहिकातलं राशिभविष्य वाटतं: प्रवास घडेल, धनलाभ होईल, अधिकारी माहिती देईल. ‘दिली पाहिजे’ करावं, तर ते अग्रलेखातलं वाक्य होतं. सरकारने लक्ष दिलं पाहिजे, समाजाने विचार केला पाहिजे. ‘पाहिजे’ म्हणणाऱ्याच्या हातात सहसा काही नसतं, म्हणून तर तो पाहिजे म्हणतो. ‘द्यावी लागेल’ यात सक्ती आहे, पण तिच्यामागे एक सुस्काराही आहे. शुल्क भरणाऱ्या नागरिकाला तो शोभतो. ‘मंत्र्यास अहवाल सभागृहापुढे ठेवावा लागेल’ असं लिहिलं की उगाच मंत्र्याची कीव येते. ‘द्यावी’ हे विध्यर्थी रूप त्यातल्या त्यात घरचं. पण कर्तव्य, शक्यता, योग्यता, इच्छा हे विध्यर्थाचे सगळे अर्थ आपण शाळेतच घोकलेत. म्हणजे एका निसरड्या शब्दावरून पाय काढून दुसऱ्यावर ठेवायचा. उरलं ‘देणे बंधनकारक राहील’. या ‘राहील’बद्दल मी लिहू लागलो तर लेख तिथेच संपेल. ‘आहे’ म्हणायचा धीर नसलेल्या कचेऱ्यांनी ते रूप वाढवून ठेवलं आहे.

इंग्रजांचंही या शब्दाने काही बरं केलेलं नाही. जॉन वॉलिस या गणितज्ञाने १६५३ साली लॅटिनमध्ये इंग्रजीचं व्याकरण लिहिलं, त्यात त्याने वाटणी करून दिली. ‘मी’ आणि ‘आम्ही’बरोबर शॅल आलं तर नुसतं भाकीत आणि विल आलं तर निश्चय किंवा वचन, ‘तू’ आणि ‘तो’बरोबर नेमकं उलट. या नियमावर बेतलेला बुडत्या माणसाचा विनोद पुष्कळांना ठाऊक असतो. त्या बिचाऱ्याने दोन शब्दांची अदलाबदल केली, त्यामुळे ‘मी बुडतोय, कोणी वाचवणार नाही’ हा आकांत ‘मी बुडणारच, खबरदार कोणी वाचवाल तर’ असा ऐकू आला, आणि काठावरच्या सभ्य मंडळींनी त्याच्या इच्छेचा मान राखला. पुढे बोलीतून शॅल जवळजवळ उठलं आणि कायद्यात मुक्कामाला राहिलं. तिथेही ते आता सगळ्यांना नको आहे. अमेरिकेच्या संघीय दिवाणी प्रक्रिया नियमांची २००७ साली नवी मांडणी झाली तेव्हा त्यातून शॅल काढण्यात आलं आणि जागोजाग मस्ट, मे, शुड असं ज्याचं त्याला वाटून दिलं. म्हणजे माझंच काम त्यांनी इंग्रजीतल्या इंग्रजीत केलं. बातमी वाचून मला थोडा मत्सर वाटला.

जुन्या इंग्रजीत या क्रियापदाचा मूळ अर्थ ‘देणे असणे’, कर्जदार असणे. जर्मनमधलं ‘शुल्ड’, म्हणजे ऋण आणि अपराधही, याच गोतावळ्यातलं. हे कळलं तेव्हा मी हरखून गेलो होतो, कारण आपल्याकडेही वाट तीच आहे. मी तुझे शंभर रुपये लागतो, देणं लागतो, आणि त्याच ‘लाग’वरून करावं लागतं. कर्ज आणि कर्तव्य दोन्ही भाषांनी एकाच खात्यावर मांडलं. व्याख्यानात हे सांगितलं की लोक माना डोलावतात. भाषांतर करताना मात्र याचा कवडीचा उपयोग होत नाही.

सध्या माझ्याकडे एक मुलगी काम शिकायला येते. कायद्याची पदवीधर, तलाठ्याची लेक. माझा सिद्धांत मी तिला पहिल्याच आठवड्यात ऐकवला: इंग्रजी मसुदाकार शॅल लिहून निर्णय टाळतो, मराठी ते टाळू देत नाही, म्हणून प्रत्येक कलमाशी थांबून हा आदेश, ही अट, ही नुसती घोषणा, हे आपण ठरवायचं आणि त्याप्रमाणे रूप निवडायचं. तिने मान हलवून ऐकून घेतलं. दोन दिवसांनी ती निकालांच्या दोन प्रती घेऊन आली.

पहिला १९५७ चा, उत्तर प्रदेशातल्या एका सरकारी नोकराचा. शिस्तभंगाच्या प्रकरणात लोकसेवा आयोगाचा सल्ला घेण्याबाबत घटनेच्या अनुच्छेद ३२० मध्ये शॅल आहे. सर्वोच्च न्यायालय म्हणालं, ही तरतूद निदेशात्मक आहे, सल्ला घेतला नाही म्हणून कारवाई रद्द होत नाही. दुसरा १९७५ चा, गोध्र्याचा. विनापरवाना आलं खरेदी केल्याबद्दल एकावर खटला झाला. आल्याला बाजार समितीच्या नियमनाखाली आणणारी अधिसूचना गुजराती वृत्तपत्रातही प्रसिद्ध करावी, असं गुजरातच्या कायद्यात शॅल घालून म्हटलं होतं आणि ती तशी प्रसिद्ध झालेली नव्हती. दंडाधिकाऱ्याने आरोपीला सोडलं, उच्च न्यायालयाने दोषी ठरवलं, सर्वोच्च न्यायालयाने पुन्हा सोडलं. निकाल आपल्या यशवंतराव चंद्रचूडांचा: इथलं शॅल आज्ञापकच.

“सर, ज्या शब्दापायी खटला तीन न्यायालयं चढतो, त्याचा निकाल तुम्ही टेबलावर बसल्या बसल्या लावता,” ती म्हणाली. “तो अधिकार तुम्हाला कोणी दिला? सगळीकडे ‘करील’ लिहावं. इंग्रजीत जितकं धूसर आहे तितकंच धूसर ठेवावं. काय ते न्यायालय बघेल.”

मी अनुच्छेद ३४८ काढला. वाद झाला तर इंग्रजी पाठच अधिकृत, म्हणून मराठी पाठ माणसाला कळेल असा असला तरी बिघडत नाही, वगैरे. ती म्हणाली, “म्हणजे माझ्या बाबांनी मराठी वाचून जे केलं, ते इंग्रजी वाचून चूक ठरणार.” तलाठ्याच्या लेकीपुढे हा मुद्दा काढायला नको होता.

हिंदीवाल्यांनी हा प्रश्न तिच्याच पद्धतीने कधीच निकालात काढला आहे: ‘करेगा’, ‘होगा’, पुढचं कलम. मी त्यांना आळशी म्हणत आलो आहे, त्यांचं काम माझ्यापेक्षा लवकर संपतं हेही त्याचं एक कारण असेल. पण पाहा, मी आत्ताच ‘असेल’ लिहिलं आणि ते अंदाजाचं आहे. ‘तो घरी असेल’ म्हणजे बहुधा आहे, जाऊन बघा. घटनेच्या पहिल्याच अनुच्छेदात भारत राज्यांचा संघ असल्याचं सांगताना शॅल आहे. तिथे हिंदीत ‘होगा’ आलं, मराठीत ‘असेल’. देशाच्या पहिल्याच वाक्याला संशयाचा वास का यावा? आणि हे अपरिहार्य होतं असंही नाही. त्याच घटनेतला अनुच्छेद १७ काढून पाहा. अस्पृश्यता नष्ट केली जाईल असं तो म्हणत नाही. तिथे शॅल नाही, सरळ वर्तमानकाळ आहे: नष्ट झालेली आहे. शॅल येतं ते पुढच्या वाक्यात, गुन्ह्यापाशी. मसुदा समितीला हा फरक पुरता ठाऊक होता. अनुच्छेद ३७ मध्ये तर एकाच वाक्यात एक शॅल मार्गदर्शक तत्त्वांना न्यायालयाचं दार बंद करतं आणि दुसरं तीच तत्त्वं राज्याचं कर्तव्य ठरवतं. या दोन शॅलना एकच रूप लावणाऱ्याला मी भाषांतरकार म्हणत नाही. हे मी तिला जरा आवाज चढवूनच सांगितलं.

आता यंत्रंही आली आहेत. त्यांच्या मराठीत ‘करील’ नसतं, ‘करेल’ असतं. सकर्मक धातूला ‘ईल’, अकर्मकाला ‘एल’ ही जुनी शिस्त माणसांनीच सोडली, यंत्राला काय बोलणार. मी अजून ‘करील’वर अडून बसतो. त्याने अर्थाला काही फरक पडत नाही, मला पडतो.

गेल्या महिन्यात एका गृहनिर्माण संस्थेच्या नियमावलीचं काम मी पूर्णपणे तिच्यावर सोपवलं. छापील प्रत आली तेव्हा पेन्सिल घेऊनच बसलो. ठरवल्याप्रमाणे तिने शॅलला सर्वत्र ‘करील’ लावलं होतं: सचिव सूचना पाठवील, समिती हिशेब ठेवील, सभासद वर्गणी भरील. सगळं सुरळीत वाचवत होतं, याचा मला राग आला. मग वाहनतळाचं कलम आलं. इंग्रजीत ‘कोणताही सभासद दुसऱ्याच्या जागेत गाडी लावणार नाही’ अशा अर्थाचं शॅल नॉट होतं. त्याचं मराठी तिने ‘सभासदास दुसऱ्याच्या जागेत गाडी लावता येणार नाही’ असं केलं होतं. म्हणजे ‘लावणार नाही’ तिच्याच्याने लिहवलं नाही. असल्या सालस भाकितावर कुठला सभासद विश्वास ठेवणार? म्हणून ती थांबली, तिने ठरवलं आणि रूप बदललं. पुढे पान उलटत गेलो तर पाळीव प्राण्यांच्या कलमातही तेच, गच्चीच्या कलमातही तेच. तिन्ही ठिकाणी पेन्सिलीने बारीक खूण केली आणि प्रत माझ्या कपाटात ठेवून दिली. तिला अजून काही बोललो नाही.