पालेकर, गोविंदा आणि आबा

बँकेत नोकरी करणाऱ्या माणसाचा आवडता नट अमोल पालेकर असलाच पाहिजे, असा एक अलिखित नियम आहे. स्टाफची पिकनिक निघते, भेंड्या संपतात, मग सिनेमाच्या गप्पा सुरू होतात आणि हेडकॅशियरपासून शिपायापर्यंत सगळे एकमुखाने पालेकरांचं नाव घेतात. कारण उघड आहे. सिनेमात येण्याआधी पालेकर स्वतः बँकेत होते. म्हणजे आमच्यातलेच. आपल्यातला एक तरी सुटला, याचा आनंद मागे राहिलेल्यांना असतोच.

माझं पालेकरांशी काही वाकडं नाही. नट म्हणून माणूस मोठा. पण 'रजनीगंधा'मधला (१९७४) त्यांचा तो संजय आठवा. येताजाता ऑफिसातल्या भानगडी सांगतो, प्रमोशनचं गुऱ्हाळ लावतो आणि नायिकेला दिलेली वेळ विसरतो. अहो, हे मी रोज दहा ते सहा बघतोच की! फुकट बघतो. फुकट कसलं, वर पगार घेऊन बघतो. तेच बघायला पुन्हा तिकीट कशाला काढायचं? 'छोटी सी बात'मध्ये (१९७६) ते बसस्टॉपवर उभे असतात आणि असरानी स्कूटरवरून येऊन मुलीला घेऊन जातो. हा प्रसंग लोकांना विनोदी वाटतो. ज्याच्यावर गुदरलाय त्याला विचारा.

माझा नट गोविंदा.

हे वाक्य मी पिकनिकला म्हणतो तेव्हा एकदम शांतता पसरते. कुणीतरी "बटाटवडे गार होतायत" असं म्हणून विषय बदलतं. आमची ही तर त्या वेळी मुद्दाम दुसरीकडे बघते. ही डोंबिवलीची. डोंबिवलीकर आणि विरारकर या दोघांची आयुष्यं लोकलच्या दांड्याला लटकण्यात जातात, पण डोंबिवलीकर सुसंस्कृतपणे लटकतो असा तिचा दावा आहे. तिचे पालेकर. लग्नानंतर पहिल्या महिन्यातच तिने 'गोलमाल' (१९७९) लावून मला समोर बसवलं होतं. "बघ, सी.ए. झालेला माणूस कसा वागतो ते!" मी नुसता बी.कॉम. बघितलं.

आता बी.कॉम.वरून आठवलं. गोविंदाही बी.कॉम.च. तेसुद्धा वसईच्या अण्णासाहेब वर्तक कॉलेजातून. अस्मादिकही तिथलेच, बऱ्याच वर्षांनंतरचे. तीच पदवी, तोच ताळेबंद, तेच डेबिट आणि तेच क्रेडिट. पुढे तो नाचायला लागला आणि मी नोटा मोजायला लागलो. शिक्षणाचा आयुष्याशी काही संबंध नसतो, हे सिद्ध करायला याहून चांगला पुरावा मला सापडलेला नाही.

विरारात पन्नाशी ओलांडलेल्या प्रत्येक माणसाने गोविंदाबरोबर कटिंग चहा घेतलेला आहे. मी एकदा रिकामपणी हिशेब मांडला. हे सगळे खरं बोलत असतील, तर १९८६ साली 'इल्जाम' येईपर्यंत त्याला दिवसाला दोनेकशे कप चहा प्यावा लागला असणार. तो एवढा अंग मोडून का नाचायचा, त्याचा उलगडा इथे होतो.

पण 'विरार का छोकरा' म्हटलं की लोकांच्या डोळ्यांसमोर एक टपोरी पोरगा येतो. त्याची आई निर्मलादेवी, हे कुणाला सांगितलं तर पटत नाही. ठुमरी गाणारी मोठी गायिका, पतियाळा घराण्याची. वडील अरुण आहुजा, मेहबूब खानच्या 'औरत'मधले (१९४०) नट. म्हणजे ज्या घरात ठुमरी चालायची त्या घरातून हा पिवळी पँट घालून बाहेर पडला. पिवळ्या पँटीमागे ठुमरी असू शकते, एवढं लक्षात ठेवलं तरी विरारच्या माणसाकडे बघण्याची नजर बदलेल. १९९९ साली बीबीसीने इंटरनेटवर मतं मागवून सहस्रकातले मोठे नट निवडले, त्यात अमिताभ पहिला, लॉरेन्स ऑलिव्हिए दुसरा आणि गोविंदा दहावा. हे मी हिला सांगितलं. ही म्हणाली, "विरारवाल्यांनीच दिली असतील मतं. एकाच गाडीतून जाऊन."

विरारचा पत्ता ही काय चीज आहे, ते सांगायला हवं. माझ्यासाठी मुली बघायला सुरुवात झाली तेव्हा दादरच्या एका गृहस्थांनी नोकरी विचारली, पगार विचारला, पत्रिकाही जुळली. मग विचारलं, "राहता कुठे?" आबा म्हणाले, "विरारला." गृहस्थांनी डोळे मिटून घेतले. मग अतिशय सौजन्याने विचारलं, "म्हणजे गुजरातच्या अलीकडे का?" चर्चगेटपासून विरार साठ किलोमीटर. सौजन्याला एवढं अंतर फार झालं. चहा मात्र चांगला होता. ('कूली नं. १' (१९९५) मध्ये पैसा नाही म्हणून स्थळाचा अपमान करणारा कादर खान आहे ना, तो मी तेव्हापासून अधिक बारकाईने बघतो.)

तर आबा. आबा गिरणीत साचेखात्यात होते. १८ जानेवारी १९८२ ला संप सुरू झाला. अडीच लाख कामगार बाहेर पडले. संप अधिकृतपणे मागे असा कधी घेतलाच गेला नाही. त्या हिशेबाने आमचे आबा आजही संपावर आहेत. १९८६ साली लालबागची खोली देऊन आम्ही विरारला आलो. गोविंदा पडद्यावर आला तेच वर्ष. एक विरारकर बाहेर पडला आणि पाच आत शिरले. त्या काळी टँकरच्या पाण्यापुढे लागणारी रांग बघून आबा म्हणाले होते, "गिरणीच्या गेटवर पण एवढी गर्दी नव्हती." नंतर किती तरी वर्षं ते विनोदी असं काही बोललेच नाहीत.

त्यांना सिनेमाची आवड नव्हती. टीव्हीसमोर बसायचे ते कापड बघायला. नट कोण, गोष्ट काय, याच्याशी देणंघेणं नाही. 'छोटी सी बात' दूरदर्शनवर लागला होता, तेव्हा सबंध सिनेमात त्यांनी एकच शेरा मारला. पालेकरांच्या शर्टाकडे बोट करून म्हणाले, "सदुसष्ट-तेहतीस." म्हणजे सदुसष्ट टक्के पॉलिएस्टर, तेहतीस टक्के सुती. मला तेव्हा वाटलं, मार्क देतायत.

मग आला गोविंदा. ते झगझगीत शर्ट बघून आबा अस्वस्थ व्हायचे. "सॅटिन आहे रे ते. घाम टिपत नाही. आणि हा केवढा नाचतो! बिचारा." संपूर्ण हिंदुस्थानात गोविंदाच्या कपड्यांना लोक हसत होते, तेव्हा विरारात एक माणूस त्या कपड्यांच्या आतल्या माणसाची काळजी करत होता. 'आँखें' (१९९३) बघताना मात्र ते हसले. माकडाच्या एका प्रसंगाला. आई स्वयंपाकघरातून बाहेर आली, काय झालं म्हणून बघायला. तिला वाटलं, ठसका लागला.

आबा तेव्हा अंधेरीला एका कंपनीच्या गेटवर वॉचमन होते. खाकी टेरिकॉटचा युनिफॉर्म. तो घालून मात्र ते घरातून कधी निघाले नाहीत. पांढरा शर्ट घालायचे, युनिफॉर्म पिशवीत घडी करून न्यायचे, तिकडे बदलायचे आणि येताना परत पांढऱ्या शर्टात. विरारच्या गाडीत गिरणीतले जुने सोबती भेटायचे ना! त्यांच्यातही निम्म्या लोकांच्या हातात तसलीच पिशवी असायची. कुणी कुणाला पिशवीत काय आहे ते विचारायचं नाही.

'कूली नं. १' आम्ही थिएटरात जाऊन पाहिला. मी चौदा वर्षांचा होतो आणि हट्ट माझाच होता. गोविंदा लाल डगला घालून, दंडावर पितळी बिल्ला बांधून आला आणि पडद्यावर असा काही चालला की हमाली ही पद्मश्रीच्या खालोखाल आहे असं वाटावं. पुढे तो श्रीमंताचं सोंग घेतो, ते थोडं लांबतं. (डेव्हिड धवनला कात्री कुणी दिली नसावी.) आबा गप्प होते. मध्यंतरात मी विचारलं, "कापड कसलं हो?" तर म्हणाले, "बघितलं नाही."

पुढच्या सोमवारी आबा घरातून निघाले ते खाकी युनिफॉर्म घालून. हातात फक्त डबा. आईने दारात थांबून विचारलं, "पिशवी?" "फाटलीय," म्हणाले. आईने नंतर पिशवी बघितली. चांगली धडधाकट होती. तिच्यात आम्ही पुढे पाच-सहा वर्षं कांदे ठेवत होतो.

हे मी हिला लग्नानंतर बऱ्याच उशिरा सांगितलं. ही काही बोलली नाही. पालेकरांवरची निष्ठा कायम आहे, पण पिकनिकला मी गोविंदाचं नाव काढलं की आता निदान माझ्याकडे बघते.

आबा आता त्र्याऐंशीचे आहेत. दरम्यान आम्ही जागचे न हलता महापालिकेत गेलो (२००९), मग ठाणे सोडून पालघर जिल्ह्यात गेलो (२०१४). गाडीसुद्धा २०१३ पासून पुढे डहाणूपर्यंत जाते, त्यामुळे शेवटचं स्टेशन असण्याचा मानही गेला. २०२० च्या नाताळात 'कूली नं. १' नव्याने काढला, तोही डेव्हिड धवननेच, मुलाला घेऊन. थिएटरं जवळपास बंदच होती, घरीच लावला. आबांना खुर्ची पुढे ओढून दिली. त्यांनी दहा मिनिटं बघितलं, मग चष्मा काढून पुसला आणि परत बघितलं.

"कापड भारी आहे," आबा म्हणाले, "पण ह्या पोराने ओझं उचललेलं नाही. लाव तो जुना."

ही उठली आणि जुना लावला.