घुष्मेची क्षमा

देवगाव रंगारीच्या मुक्कामात आम्ही वेरूळचे घृष्णेश्वराचे देवालय पाहून आलो. बारा ज्योतिर्लिंगांपैकी हे एक. सोळाव्या शतकात शिवछत्रपतींचे आजोबा मालोजीराजे यांनी त्याचा जीर्णोद्धार केला. आजची तांबड्या पाषाणाची वास्तू अठराव्या शतकातील, इंदूरच्या अहिल्याबाई होळकरांच्या औदार्याची साक्ष.

गाभाऱ्यात शिरताना पुरुषांनी कमरेवरची वस्त्रे उतरवावीत, असा येथील रिवाज आहे. सदरे हातावर टाकून शेतकरी, नोकरदार, व्यापारी एकाच रांगेत उभे होते. कोण थोर, कोण लहान, काही कळेना. आम्ही सभामंडपातच, नंदीपाशी थांबलो. उघडे अंग ही तेथे भक्ताची खूण. ती निव्वळ कुतूहलापोटी धारण करणे आम्हांस उचित वाटले नाही. (एखादा पर्यटक कम्युनियनच्या रांगेत शिरला की आपणांस काय वाटते?) अन्य धर्मांत जे सत्य व पवित्र आहे ते ख्रिस्तसभा नाकारीत नाही, असे द्वितीय व्हॅटिकन महासभेने १९६५ मध्ये सांगितले. ते आम्हांस सापडले येथील कथेत.

सुदेहेला मूल नव्हते, म्हणून तिने पतीचा विवाह धाकट्या बहिणीशी, घुष्मेशी लावून दिला. घुष्मा रोज मातीची एकशे एक शिवलिंगे पूजून तळ्यात विसर्जित करी. तिला पुत्र झाला. मत्सराने पेटलेल्या सुदेहेने तो वयात आल्यावर त्याला ठार करून त्याच तळ्यात टाकले. घुष्मेने त्या दिवशीही पूजा मोडली नाही. विसर्जनास गेली तो मुलगा जिवंत होऊन समोर आला! शंकर सुदेहेला शासन करू लागले, तेव्हा घुष्मेने बहिणीसाठी क्षमाच मागितली.

पुत्र परत मिळाल्यावर क्षमा सोपी, असे कोणी म्हणेल. शेताच्या बांधावरून अबोला धरलेली आपली घरे तर नक्कीच म्हणतील. पण त्याच इंदूरच्या परिसरात गोरगरिबांसाठी झटणाऱ्या सिस्टर राणी मारिया यांची २५ फेब्रुवारी १९९५ रोजी बसप्रवासात हत्या झाली. तेथे कोणीही परत आले नाही. तरीही २००२ मध्ये त्यांच्या धाकट्या भगिनीने तुरुंगात जाऊन मारेकऱ्याला राखी बांधली. २०१७ मध्ये ख्रिस्तसभेने राणी मारियांना ‘धन्य’ घोषित केले. त्याच्या कितीतरी आधी, सुटका झालेला तो मनुष्य केरळात त्यांच्या घरी गेला होता, आणि वृद्ध मातेने त्याचे हात चुंबिले होते.