इमामसाहेब मूळ चित्रपटात नव्हते

‘शोले’ ही नक्कल आहे, हे आमच्या घरात पहिल्यांदा सांगितलं ते मामूंनी. ते मुंबईत राहून आलेले, इंग्रजी चित्रपट पाहिलेले. आम्हा भावंडांना राग आला. परभणीच्या हॉटेलांत चहाबरोबर गब्बरचे संवाद ऐकत वाढलेल्या आमच्या पिढीला हे पचणं अवघडच होतं. पुढे ते जुने चित्रपट आम्हीही पाहिले. मामूंचं म्हणणं खोटं नव्हतं, पण अर्धंच होतं.

अकिरा कुरोसावाचा ‘सेव्हन सामुराई’ १९५४ चा, जपानचा. लुटारूंना कंटाळलेले शेतकरी लढवय्ये भाड्याने आणतात. अमेरिकेने त्याचाच १९६० मध्ये ‘द मॅग्निफिसंट सेव्हन’ केला. घोडे, पिस्तुलं, मेक्सिकोचं गाव. आपल्याकडे १९७१ मध्ये राज खोसलांचा ‘मेरा गांव मेरा देश’ आला. त्यात सुटून आलेला चोर धर्मेंद्र, डाकू जब्बारसिंग म्हणजे विनोद खन्ना आणि एक हात गमावलेला माजी हवालदार. हा हवालदार साकारला जयंत यांनी, म्हणजे झकारिया खान यांनी. चार वर्षांनी त्यांचाच मुलगा अमजद गब्बर होऊन ठाकूरचे दोन्ही हात कापतो! दुर्दैवाने ते पाहायला जयंत उरले नाहीत. १५ ऑगस्ट १९७५ ला ‘शोले’ लागला, त्याच्या आधीच जूनमध्ये ते गेले.

तेव्हा ‘शोले’ हा कुणा एकाचा रीतसर रिमेक नाही, पण उसनवारी भरपूर आहे. मग सलीम-जावेद यांनी स्वतःचं काय घातलं?

अमेरिकन चित्रपटात एक वळण आहे. लढाई लांबते, गावकरी घाबरतात आणि त्यांच्यातलेच काहीजण लुटारूंना गावात घेतात. रक्षण करायला आलेल्या सातही जणांना शस्त्रं खाली ठेवावी लागतात. रामगढमध्येही नेमकं हेच वळण येतं. घोड्यावरून अहमदचं प्रेत येतं, सोबत गब्बरची चिठ्ठी : जय-वीरूला आमच्या हवाली करा. गाव डगमगतं. हे ओझं आता पेलवत नाही, असं लोक उघड म्हणू लागतात. मूळ चित्रपटात इथे भीती जिंकली. ‘शोले’त आंधळे इमामसाहेब पुढे येतात. ज्याचं सगळं गेलं तोच गावाला सांगतो, की इज्जतीने जगायचं तर यांना देऊ नका. तेवढ्यात अजान होते आणि ते नमाजला निघतात. गावासाठी शहीद व्हायला आणखी मुलं का दिली नाहीस, हे खुदाला विचारायला.

हंगल यांनी तो प्रसंग रडून-ओरडून केलेला नाही. अहमदला मारतानाचं दृश्यही प्रदर्शित चित्रपटातून काढलं होतं. आपल्याला फक्त गब्बर हातावरची मुंगी चिरडताना दिसतो. आम्हाला विचाराल तर ते काढलं हेच बरं झालं.

आमची दादी सिनेमाच्या नावाने नाक मुरडायची. ‘आपला माणूस पडद्यावर आला की एकतर शायर, नाहीतर कव्वाल,’ असं तिचं म्हणणं. इमामसाहेबांवर मात्र तिचा आक्षेप नव्हता. ते गावाचे म्हातारे होते. गाव त्यांना हाताला धरून मशिदीच्या पायऱ्यांपर्यंत नेत होतं. आमच्या खेड्याकडच्या पेशइमामांना असंच धरून आणणारे हात आम्ही पाहिलेत. त्यातले निम्मे हात नमाज न पढणाऱ्यांचे असायचे.

आणि अहमद. त्याला जबलपूरला बिडीच्या कारखान्यात कामाला जायचं असतं. आंधळ्या बापाला सोडून जायला तो तयार नसतो, बापच समजावून पाठवतो. सचिन पिळगावकर तेव्हा किती कोवळे होते!

धाकट्याला चाकणला काम लागलं, त्या आठवड्यात टीव्हीवर ‘शोले’ लागला होता. अब्बांच्या डोळ्यांत मोतीबिंदू, एका डोळ्याचं ऑपरेशन व्हायचं होतं. जबलपूरच्या कामाची गोष्ट सुरू झाली तशी अम्मी टीव्ही बंद करायला उठली. अब्बा म्हणाले, ‘‘नक्को, चलने दे.’’ सगळा प्रसंग त्यांनी ऐकला. पाहण्यासारखं त्यांना फारसं दिसत नव्हतंच. धाकटा म्हणाला, ‘‘अब्बा, ऑपरेशन होईपर्यंत थांबतो.’’ अब्बांनी त्याच्या आवाजाच्या दिशेने मान वळवली आणि विचारलं, ‘‘पनवेल गाडीचं तिकीट काढलं का?’’

२००७ मध्ये रामगोपाल वर्मांनी ‘शोले’चाच रिमेक केला, ‘आग’ नावाचा. मामूंनी तोही पाहिला आणि त्यानंतर आमच्या घरात नक्कल हा शब्द काढायचं सोडलं. धाकटा अजून चाकणलाच आहे. अब्बांच्या दोन्ही डोळ्यांची ऑपरेशनं झाली. दुसऱ्याच्या वेळी तो चार दिवसांची रजा काढून आला होता.