आठवणींची कात्री

मनुष्य जातो, आठवणी राहतात, असें आपण म्हणतों. पण आठवणीच आधीं गेल्या तर? फ्रँकफुर्ट येथें १९०१ सालीं डॉ. अल्झायमर यांनीं ऑगस्ट डेटर या बाईला नांव लिहावयास सांगितलें. तिला तें साधेना. १९०६ मध्यें ती वारल्यावर तिच्या मेंदूंत विचित्र पुटें आढळलीं. ज्या प्रथिनापासून तीं बनतात, तें तुमच्याआमच्या मेंदूंतही असतेंच. विकरांची कात्री एका जागीं चालली तर सारें निर्विघ्न; दुसऱ्या जागीं चालली कीं अमिलॉइड सुटतें, आणि सांचत गेल्यास त्याचीं पुटें चढतात. आइसलंडांतील कांहीं लोकांत या प्रथिनाच्या जनुकांतील एकच अक्षर निराळें असल्यानें रोगाचा संभव घटतो, असें २०१२ मध्यें दिसून आलें. एका अक्षरावर केवढें आयुष्य तोललेलें!

आमचे दादा हल्लीं मला "आपण कोण?" म्हणून विचारतात, आणि उत्तराची वाट न पाहतां "बसा, चहा घ्या" म्हणतात. ओळख गेली, अगत्य राहिलें. त्या कात्रीला अगत्याचा पत्ता अद्याप लागलेला नाहीं!